सतरा आणि अठरा

पहाटे चारला सगळ्यात आधी वास सांगतो.
दुधाचा नाही, मुताचा नाही,
मधलाच काहीतरी, आंबूस-गोड,
लोकरीच्या टोपीत शिरून घरापर्यंत येणारा.
दार ढकलतानाच मी म्हणते, दोरिन, सतरा.
तो आत जाऊन म्हणतो, अठरासुद्धा.

सतराव्या कप्प्यात चौदा होती, तीन दिवसांची.
तांबड्या दिव्याखाली एकमेकांवर रचल्यासारखी,
शेपट्या ओल्या, मागचे पाय पिवळे.
एकाला उचललं. चिमटीत कातडी धरली,
सोडली.
ती तशीच उभी राहिली,
घडी पडलेल्या कागदासारखी.

आई कुशीवर. तिला मागे वळून बघता येत नाही,
लोखंडी दांड्यांनी तेवढी जागा ठेवलेली नाही.
ती घुरघुरते, म्हणजे पान्हा आलाय, या.
ज्यांना उठता येतं ती उठतात.
वीस सेकंद दूध येतं, मग आटतं.
तेवीस वर्षं या घुरघुरीवर
माझं घड्याळ चालतंय.

बाहेर लिमफ्योर्डवर बर्फाची साय धरलेली.
दोरिन बादलीत साखर-मिठाचं पाणी कालवतो
आणि मोजतो. दोन. तीन. पाच.
पैसे आणि मेलेली पिल्लं
तो रुमानियनमध्येच मोजतो,
बाकी सगळं मोडक्या डॅनिशमध्ये.

दहाला डॉक्टर आस्गर आला.
खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर
एक पिल्लू उताणं ठेवून उघडलं.
आतडी फुगलेली, पाण्यानं भरलेली,
पलीकडचं बोट दिसावं इतकी पातळ.
आणि जठर
दुधानं गच्च.
पांढरा गोळा, आत्ताच प्यायल्यासारखा.
पोटभर पिऊन तहानेनं मेलं, तो म्हणाला,
उद्या वारा सुटेल असं सांगावं तसं.

नाव आहे त्या जंतूला, लॅटिन, दोन शब्दांचं.
त्याचे सालस चुलतभाऊ माझ्याही पोटात राहतात म्हणे,
भाडं न देता, त्रास न देता.
हा मात्र आतड्याला बिलगतो
आणि नळ उघडा सोडतो.

थ्योगर दारात उभा होता, मालक,
टोपी हातात, जणू कोणी माणूस गेलंय.
औषध किती लागेल, त्यानं विचारलं.
औषधाचाही हिशेब द्यावा लागतो आम्हाला.

मग आस्गरनं वर न बघता विचारलं,
पिल्लं इकडची तिकडे कोणी केली?

मी.
सोमवारी रात्री सतराची व्याली, सतराच झाली,
चालते सड चौदा.
तीन सगळ्यात बारकी खाली चिरडली जात होती.
मी ती कोटाच्या आत छातीशी धरली,
अठराच्या कुशीत नेऊन लावली.
म्हटलं, चार घोट चीक तरी मिळेल.
मंगळवारी परत बघायला गेले,
बुधवारी पुन्हा.
त्याच बुटांनी. तेच फडकं खांद्यावर.
ज्या बोटानं एकाचं तोंड उघडलं
त्याच बोटानं दुसऱ्याचं.

मायेलाही हात धुवावे लागतात
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं होतं.
भिंतीवर लिहिलंय, चित्रासकट,
मीच तो कागद चिकटवलाय.

कोणी रागावलं नाही. तेच जड गेलं.
दुपारभर आम्ही गरम पाणी मारलं,
चुना शिंपडला, प्रत्येक कप्प्यापुढं
वेगळे बूट मांडले, जोडीजोडीनं,
जसे पाहुणे आत बसलेत.

रात्री मी अठराच्या पुढं उभी, हात खिशात.
त्या तिघांतलं एक अजून आहे,
कानावर काळा ठिपका असलेलं.
आई घुरघुरली.
त्यानं मान वर केली, पुढचे पाय टेकवले,
मागचे घसरले.
पुन्हा टेकवले.
माझा उजवा हात खिशातून
आपोआप बाहेर आला होता,
मी तो दांडीवर ठेवला. गार होती दांडी.

ते सरपटत शेवटच्या सडापर्यंत गेलं,
तिथं दूध आटलं होतं.
पुढच्या वेळेला पन्नास मिनिटं.

मागं दोरिन वहीत काहीतरी लिहीत होता.
अकरा, तो म्हणाला,
डॅनिशमध्ये.